हौदा आखूड, इंजिन दुसरे : पिकअपमधील बदलाची आखणी

पिकअपचा हौदा आखूड करणे आणि तिच्यात दुसरे इंजिन बसवणे ही गॅरेजच्या हिशेबात दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला गॅस कटर आणि वेल्डिंग लागते, दुसऱ्याला चेनकप्पी आणि पान्यांचा संच. गाडीच्या हिशेबात मात्र दोन्हींचा परिणाम एकाच ठिकाणी दिसतो. पुढच्या चाकांवर किती वजन येणार आणि मागच्या चाकांवर किती, हे दोन्ही कामांनी बदलते. हौदा मागून कापला की माल पुढे सरकतो. जड इंजिन बसवले की पुढचा भार वाढतो. म्हणून ही कामे एकाच गाडीवर करायची असतील तर त्यांची आखणीही एकत्रच करावी लागते.

या आखणीचे चार टप्पे आहेत : गरज ठरवणे, कायद्याची चौकट पाहणे, वजन व मापांचा हिशेब मांडणे आणि मग कामाचा क्रम लावणे. कटर चालवण्याची वेळ या चारही टप्प्यांनंतर येते.

दोन जिल्हे, दोन गरजा

सातारा आणि सांगली हे शेजारी जिल्हे आहेत, पण दोन्हीकडच्या पिकअपचे काम सारखे नाही. साताऱ्याच्या पश्चिम भागात वाई–पाचगणीचा पसरणी घाट, यवतेश्वरमार्गे कासचा रस्ता, पाटणकडचे कोयना खोरे असा चढउताराचा मुलूख आहे. भिलार–महाबळेश्वर पट्ट्यातली स्ट्रॉबेरी हलकी आणि नाजूक असते. तिच्या गाडीला अरुंद वळणांवर पटकन वळता यावे लागते. इथे आखूड गाडीची ओढ समजण्यासारखी आहे.

सांगलीच्या कृष्णाकाठी जमीन सपाट आहे. तासगाव परिसरातली द्राक्षे क्रेटमधून जातात, बेदाणा खोक्यांतून, तर सांगलीच्या बाजारातली हळद पोत्यांतून. आटपाडीकडचे डाळिंब पुन्हा क्रेटमध्ये. इथे अडचण घाटाची नसून पाणंदीची आणि द्राक्षबागेच्या ओळींमधल्या वळणाची असते. पोत्यांचा माल थोड्या जागेत पुष्कळ वजन देतो, क्रेटचा माल कमी वजनात पुष्कळ जागा खातो. हौद्याची लांबी ठरवताना पहिला प्रश्न हाच : गाडी वजनाने आधी भरते की जागेने?

लोखंडाचा वारसा

वाहनांत फेरफार करण्याची हौस आणि हातोटी या भागात रुजण्याला कारण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळरानावर कारखाना उभारला आणि किर्लोस्करवाडी वसली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ मध्ये सुरू झाला. नांगरापासून निघालेला तो उद्योग पुढे डिझेल इंजिनांकडे गेला. विहिरीवरचे इंजिन दुरुस्त करणारा फिटर, सुटा भाग करून देणारा टर्नर आणि ओतकामाची फौंड्री या भागात वाहनांचे गॅरेज वाढण्याआधीच होती.

पुढे जीप आल्या. भारतात महिंद्राने विलीज जीपची जुळणी १९४७ मध्ये सुरू केली. त्या जीप पेट्रोलवर चालत. डिझेल स्वस्त पडते म्हणून जुन्या पेट्रोल गाड्यांत डिझेल इंजिन बसवण्याचे काम देशभरातल्या गॅरेजांत चाले. गावोगावचे वडाप, म्हणजे जीपमधून चालणारी खासगी प्रवासी वाहतूक, याच अर्थकारणावर उभे होते. एका फेरीत जितके प्रवासी बसतील तितके बसवायचे आणि इंधनाचा खर्च कमीत कमी ठेवायचा, हे त्याचे साधे गणित. आजची पिकअप ही मालवाहतुकीतली त्याच घराण्यातली गाडी म्हणता येईल.

या वारशाची जमेची बाजू आणि मर्यादा एकाच प्रसंगात दिसली. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातले देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या लोहारकाम करणाऱ्या एका कारागिराने जुने सुटे भाग जोडून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पोहोचली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कल्पकतेचे कौतुक केले, पण ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या प्रशासन ती रस्त्यावर येऊ देणार नाही, असेही स्पष्ट सांगितले. तिच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती कारागिराच्या हाती आली. कौशल्य असणे आणि रस्त्यावर चालवण्याची परवानगी असणे यांतले अंतर या घटनेने नेमके दाखवले.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ हे या विषयाचे मूळ आहे. उत्पादकाने मुळात जे तपशील ठरवले आणि जे नोंदणी प्रमाणपत्रात, म्हणजे आरसी बुकात आले, त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. वाहनाच्या मूळ स्वरूपात फरक पाडणारा रचनेतला बदल, अशी 'बदल' या शब्दाची व्याख्या कायदा देतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात याच कलमाचा कडक अर्थ लावला : उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारा रचनेतला बदल मान्य होणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

इंजिनाबाबत कायद्याचा कल त्याच कलमातून कळतो. दहा किंवा त्याहून अधिक परिवहन वाहने असणाऱ्याला पूर्वमंजुरीशिवाय इंजिन बदलण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते, पण नवे इंजिन त्याच कंपनीचे आणि त्याच प्रकारचे हवे. असा बदल केल्यावर चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून तो आरसीत चढवावा लागतो. गाडी भाडेखरेदी करारावर असेल तर नोंदणीकृत मालकाची लेखी संमती लागते. कर्जाचा बोजा असलेल्या गाडीसाठी वित्तसंस्थेला आधी विचारणे म्हणूनच शहाणपणाचे. इंधन बदलण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याची वेगळी तरतूद आहे. सीएनजी किंवा विजेवर चालवण्याची किट त्या मार्गाने येतात. विजेच्या किटसाठी एआयएस-१२३ हे मानक लागू आहे आणि पुण्याची एआरएआय ही अशा चाचण्या करणारी संस्था आहे.

यातून योजनेच्या तीन वाटा निघतात. पहिली, गाडी रस्त्यावरच चालवायची : तर चॅसीला हात लावायचा नाही, इंजिन त्याच प्रकारचे घ्यायचे आणि हौद्यातला बदल परिवहन कार्यालयाच्या लेखी मंजुरीनंतरच करायचा. दुसरी, नवी गाडी नुसत्या केबिन-चॅसीच्या रूपात घेऊन पहिल्या नोंदणीपूर्वीच हवा तसा हौदा बांधून घ्यायचा. बांधणी करणाऱ्याचे प्रमाणपत्र त्यासाठी फॉर्म २२-ए मध्ये लागते. आखूड हौद्याची ही सर्वांत सरळ वाट आहे. तिसरी, गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायचीच नाही. शेतावर, कारखान्याच्या आवारात किंवा बंदिस्त मैदानातल्या स्पर्धेत ती वापरायची आणि तिथे नेताना दुसऱ्या वाहनावर चढवून न्यायची. साताऱ्याचे कार्यालय एमएच-११, सांगलीचे एमएच-१० आणि कराडचे एमएच-५०. ज्या कार्यालयात नोंदणी आहे तिथे आधी लेखी विचारणा करणे हे कायद्याच्या बाजूचे पहिले पाऊल.

हौद्याचे माप

समजा, एका पिकअपच्या पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, ३,००० मिलिमीटर आहे. हौदा पुढच्या आसापासून १,३०० मिलिमीटरवर सुरू होतो आणि २,४०० मिलिमीटर लांब, १,६०० मिलिमीटर रुंद आहे. माल सारखा पसरला तर त्याचा मध्य पुढच्या आसापासून २,५०० मिलिमीटरवर येतो. या अंतराला व्हीलबेसने भागले की मागच्या आसावर येणारा मालाचा वाटा मिळतो. १,००० किलो मालातले सुमारे ८३३ किलो मागे आणि १६७ किलो पुढे.

आता फक्त हौदा मागून ६०० मिलिमीटर कापला. मालाचा मध्य २,२०० मिलिमीटरवर आला. तेवढ्याच मालातले ७३३ किलो मागे आणि २६७ किलो पुढे. मागच्या आसापलीकडे लोंबणारा भाग ७०० वरून १०० मिलिमीटरवर आला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९३ प्रमाणे ही लोंब व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आखूड हौदा त्या बाबतीत निर्धोक राहतो.

तिसरा प्रकार चॅसीच कापण्याचा. केबिन आणि मागचा आस यांच्यामधून ६०० मिलिमीटर काढले तर व्हीलबेस २,४०० मिलिमीटर होतो. मालाचा मध्य २,२०० मिलिमीटरवरच राहतो, पण मागच्या आसावर आता ९१७ किलो येतात आणि पुढे उरतात फक्त ८३. दोन्ही गाड्या उभ्या असताना सारख्याच आखूड दिसतील, पण चढावर चॅसी कापलेल्या गाडीचे स्टिअरिंग हलके होऊन भरवसा कमी होईल. उतारावर उलटा प्रकार घडतो. २,००० किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य ८०० मिलिमीटर उंच धरला आणि ब्रेक जोरात लावला, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६ पट, तर ३,००० मिलिमीटरच्या गाडीत सुमारे ३२० किलो भार मागून पुढे सरकतो. २,४०० मिलिमीटरच्या गाडीत तो ४०० किलो होतो. रिकाम्या पिकअपची मागची चाके घाटात लॉक होण्याचे कारण यात आहे.

वळण मात्र नक्कीच सुधारते. पुढची चाके ३५ अंश वळत असतील तर वळणाची त्रिज्या ढोबळमानाने ५.२ मीटरवरून ४.२ मीटरवर येते. पण हा फायदा चॅसी कापल्यावरच मिळतो. नुसता हौदा कापल्याने वळणाची त्रिज्या बदलत नाही. मागचा कोपरा बांधाला घासणे तेवढे थांबते. अनेकांना हवे असते तेवढेच.

जागेचा हिशेबही मापात पकडावा लागतो. भाजी-फळांच्या क्रेटचा तळ साधारण ६०० बाय ४०० मिलिमीटर असतो. २,४०० बाय १,६०० च्या हौद्यात एका थरात १६ क्रेट बसतात. हौदा ४०० मिलिमीटरने कापून २,००० केला तर सगळे क्रेट एकाच दिशेने लावल्यास १२ बसतात आणि ६०० ने कापून १,८०० केला तरीही १२ च. म्हणजे क्रेटच्या मालासाठी २,००० चा हौदा हा तोट्याचा मधला टप्पा ठरतो. प्रत्यक्षात फळीची जाडी आणि हाताळणीची मोकळीक धरून मापे थोडी वाढवावी लागतात, पण लांबी मालाच्या एककाच्या पटीत ठेवण्याचे तत्त्व तेच.

हौदा कापताना आडव्या पट्ट्या, फाळक्याची बिजागरे, मागचे दिवे, नंबरप्लेट, स्टेपनीची जागा आणि डिझेल टाकीची नळी यांची नव्याने जागा ठरवावी लागते. हौद्याला चॅसीवर धरणारे यू-बोल्ट मूळ अंतरावर राहिले पाहिजेत. चॅसीच्या वरच्या-खालच्या पट्टीला नवे भोक पाडणे टाळायचे, कारण वाकण्याचा सर्वाधिक ताण तिथेच असतो. चॅसीवर वेल्डिंग केल्यास जोडालगतचे पोलाद उष्णतेने गुण बदलते आणि तडा तिथूनच जातो. म्हणून हा जोड उत्पादकाच्या लेखी पद्धतीशिवाय करू नये.

इंजिन : बांधायचे की बदलायचे

इंजिन बदलण्याचा विचार बहुधा धुरातून सुरू होतो. निळा धूर, घटणारे तेल, चढावर दमणारी गाडी. पण या तक्रारींवर पहिला उपाय इंजिन बांधणे हा आहे. हाफ इंजिन कामात पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि हेडचे काम येते. फुल इंजिन कामात क्रँक घासणे आणि सिलिंडर बोअर करणेही येते. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक तोच राहिला तर नंबर तोच राहतो आणि आरसीत काही बदलत नाही. कागदांचा भार टाळण्याची ही सर्वांत स्वस्त वाट आहे.

दुसरे इंजिन घ्यायचेच ठरले तर ताकदीची गरज आधी मोजावी. भरल्या २,५०० किलोच्या गाडीला १५ फुटांत एक फूट चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेग राखायला चाकापाशी सुमारे १७ किलोवॉट, म्हणजे २२–२३ अश्वशक्ती लागते. ताशी ५० साठी ती सुमारे ३७ अश्वशक्तीवर जाते. पिकअपची सामान्य डिझेल इंजिने यापेक्षा बरीच मोठी आहेत. महिंद्राच्या बोलेरो पिकअपमधले परिचित चार सिलिंडरचे डिझेल इंजिन २,५२३ सीसीचे आहे. घाटात गाडी दमते तेव्हा दोष इंजिनाचाच असेल असे नाही. सरकणारा क्लच, चुकीचा गिअर रेशो, बंद झालेला एअर फिल्टर किंवा जादा माल यांपैकी काहीही असू शकते.

जुन्या जीपमध्ये इंजिन बदलणे यांत्रिक काम होते. १९८० च्या दशकात महिंद्राच्या गाड्यांत आलेले प्यूजोच्या परवान्याचे डिझेल इंजिन किंवा टेम्पो ट्रॅक्समधले मर्सिडीजच्या परवान्याचे इंजिन माउंटिंग, क्लच आणि सायलेन्सर जुळले की चालू होई. आजचे इंजिन इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाशिवाय चालत नाही. एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. बीएस-६ गाडीत इंजेक्टर, सेन्सर, धूर शुद्ध करणारी यंत्रणा आणि चावीतली चोरीरोधक चिप ही सगळी एकमेकांशी बोलतात. त्यातले एकटे इंजिन उचलून आणले तर ते मुकेच राहते. नव्या नियमाच्या गाडीत जुन्या नियमाचे इंजिन बसवले तर प्रदूषणाच्या निकषातही ती बसणार नाही.

जुने इंजिन विकत घेताना बिल, मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा आणि ब्लॉकवरचा न खोडलेला नंबर या तीन गोष्टी पाहायच्या. यांपैकी एक जरी गोष्ट नसली तर इंजिन कितीही चांगले असले तरी ते आरसीत चढण्याची शक्यता नाही.

जोडणीतल्या अवघड जागा

इंजिन खाली उतरवण्यापूर्वी पाच मापे घ्यावी लागतात. ऑइल संप आणि पुढचा आस यांतली मोकळीक, स्टिअरिंग शाफ्टपासूनचे अंतर, पंखा व रेडिएटर यांतली जागा, गिअर लिव्हरची जागा आणि बॉनेटची उंची. बेल हाउसिंगचे बोल्ट जुळले तरी क्लच प्लेटचे दात गिअरबॉक्सच्या शाफ्टशी जुळतीलच असे नाही.

प्रॉपेलर शाफ्ट हा दोन्ही कामांचा सांधा आहे. इंजिन पुढेमागे सरकले किंवा चॅसी कापली, तर त्याची लांबी बदलते. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत आणि त्यांचे कोन सारखे असावे लागतात. इंजिनाचा कल आणि मागच्या हाउसिंगचा कल जुळला नाही तर वेग वाढताच गाडी थरथरते. कापलेला शाफ्ट लेथवर सरळ करून आणि बॅलन्स करूनच बसवायचा.

ब्रेकमध्ये दुर्लक्ष होते ते भार ओळखणाऱ्या व्हाल्व्हकडे. अनेक पिकअपमध्ये मागच्या हाउसिंगला जोडलेला हा व्हाल्व्ह गाडी किती दबली यावरून मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. हौद्याचे वजन किंवा मागचे पाटे बदलले की त्याची मांडणी पुन्हा करावी लागते. वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची तार आणि नियंत्रकाचे जोड काढून ठेवायचे आणि अर्थिंग कामाच्या जागेजवळच द्यायचे.

थंडावा हाही स्थानिक प्रश्न आहे. जत–आटपाडीच्या उन्हाळ्यात हळू वेगाने भरली गाडी चालवणे आणि पसरणी घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढणे, दोन्ही प्रसंगी इंजिन उष्णता भरपूर देते आणि गाडीचा वारा थोडा मिळतो. रेडिएटर मोठ्या इंजिनाच्या मापाचा हवा आणि पंख्याभोवतीचे कडे काढून टाकू नये.

कामाचा क्रम

पहिल्या टप्प्यात मूळ गाडीचे वजन करून ठेवायचे. दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखाने असल्यामुळे वाहनांचा वजनकाटा शोधत फिरावे लागत नाही. गाडी रिकामी करून आधी संपूर्ण, मग फक्त पुढची चाके आणि मग फक्त मागची चाके काट्यावर घ्यायची. हीच तीन वजने भरल्या गाडीची. या सहा आकड्यांवर पुढचा सगळा हिशेब उभा राहतो.

दुसऱ्या टप्प्यात परिवहन कार्यालय, वित्तसंस्था आणि विमा कंपनी यांची लेखी उत्तरे मिळवायची. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो. तिसऱ्या टप्प्यात इंजिन व सुटे भाग आणून त्यांची मापे घ्यायची. चौथ्यात हौदा उतरवायचा. त्याने गिअरबॉक्स आणि शाफ्टपर्यंत हात मोकळा पोहोचतो, म्हणून इंजिनाचे काम हौदा खाली असतानाच उरकायचे. पाचव्यात इंजिन बसवून, गाडी घोडीवर ठेवून चालवून पाहायची आणि मगच कापलेला हौदा चढवायचा. खर्चाचे अंदाजपत्रक इंजिन, हौदा, शाफ्ट, वायरिंग, रंग, शुल्क असे वेगवेगळ्या शीर्षांत मांडावे, कारण वायरिंग आणि शाफ्ट यांचा खर्च सुरुवातीला बहुधा धरलेलाच नसतो.

शेवटी गाडी पुन्हा त्याच काट्यावर न्यायची आणि सहा वजने पुन्हा घ्यायची. पुढच्या आसाचा आकडा उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत असेल, मागच्याचाही असेल आणि गाडीचे एकूण वजन आरसीतल्या आकड्याला धरून असेल, तर गाडी पासिंगला नेता येते. आकडा जुळला नाही तर ती गॅरेजमध्ये परत जाते. पासिंग होऊन बदल आरसीत चढला आणि विमापत्रातही आला, म्हणजे काम पुरे झाले.